त्या चार फोटोंचे काय झाले?

सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. नाव इंग्रजी असले तरी त्याचा अर्थ पाहण्यासाठी सोलापूरकराला शब्दकोश उघडावा लागत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. मग कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची माणसे बायकापोरांसह तारेच्या कुंपणात आणून कोंडली गेली. रोज हजेरी द्यायची. बाहेर जायचे तर पास घ्यायचा. परत यायला उशीर झाला तर शिक्षा भोगायची. सोलापूरच्या गिरण्यांना मात्र या कुंपणातून स्वस्त हात मिळाले. काही गुन्हा केला म्हणून ही शिक्षा नव्हती. अमक्या आईच्या पोटी जन्म घेतला, एवढाच गुन्हा!

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला आणि 'गुन्हेगार' जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तारा तुटल्या, पण हजेरीचे पुस्तक पोलीस ठाण्याच्या कपाटात सुरक्षित राहिले. कुठेही दरोडा पडला की त्या पुस्तकाची पाने उलटली जातात. १९९८ साली बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसे 'मुले पळवणारी' ठरायला एक अफवा पुरली.

हे सारे पुन्हा सांगण्याचे कारण एक निकाल आहे. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना निर्दोष सोडले. वृत्तपत्रांनी एक दिवस बातमी दिली आणि विषय संपवला. आपल्या चळवळीनेही या निकालावर व्हायला हवी होती तेवढी चर्चा केली नाही. वास्तविक या निकालात आपल्यासाठी एक अवघड प्रश्न दडलेला आहे.

घटना जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील. ५ जून २००३ च्या रात्री शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसे ठार झाली. बायकांवर अत्याचार झाले. त्या घरातली आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. काळजाचा थरकाप उडावा असा हा गुन्हा होता आणि गुन्हेगार सापडलेच पाहिजेत असा दबाव पोलिसांवर असणे स्वाभाविकच होते. यथावकाश भटक्या जमातीचे सहा मजूर पकडले गेले. १२ जून २००६ रोजी जालन्याच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली.

फाशीची शिक्षा सत्र न्यायालयाने दिली की ती तशीच अंमलात येत नाही, उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते. म्हणजे सगळा पुरावा पुन्हा मुळापासून तपासला जातो, असे कायदा गृहीत धरतो. २२ मार्च २००७ रोजी औरंगाबाद खंडपीठाने दोषसिद्धी कायम केली, तिघांची फाशी कायम ठेवली आणि उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्य सरकारही गेले, पण जन्मठेपेच्या तिघांनाही फाशीच हवी म्हणून! ३० एप्रिल २००९ रोजी न्यायमूर्ती अरिजित पसायत आणि न्यायमूर्ती मुकुंदकम शर्मा यांच्या खंडपीठाने आरोपींची अपिले फेटाळली, सरकारचे मान्य केले. सहाही जण पुन्हा फासाच्या दोरीखाली आले. न्याय मागायला देशाच्या सर्वात मोठ्या दारात जावे आणि जाताना पदरी असलेली जन्मठेपही गमावून यावी, असे हे अपील!

त्या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. पुढच्या चौकशीत ते सिद्ध झाले. म्हणजे ज्याला फाशी देण्यास कायद्यानेच मनाई आहे अशा पोराची फाशी तीन न्यायालयांच्या शाईतून पार झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पालावर जन्मलेल्या पोराचा जन्माचा दाखला कोण काढणार, आणि त्याच्या वतीने वयाचा मुद्दा कोण उभा करणार?

आता 'रिव्ह्यू' म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. घटनेच्या कलम १३७ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाला आपल्याच निकालाचा फेरविचार करता येतो. व्यवहारात हा फेरविचार बंद खोलीत होतो. शक्यतो तेच न्यायाधीश, त्यांच्यापुढे कागद फिरतात, वकील उभा राहत नाही. बहुतेक अर्ज दोन ओळींत निकाली निघतात. याही सहा जणांचा फेरविचाराचा अर्ज तसाच फेटाळला गेला होता. इथेच हे प्रकरण संपले असते, तर आज लिहायला मी आहे, पण सोडायला ते उरले नसते.

दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की, ३० एप्रिलच्या निकालानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १३ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने बरियार खटल्यात सांगितले की रावजी नावाच्या राजस्थानातील आरोपीच्या १९९६ च्या निकालात चूक झाली होती. बच्चनसिंग खटल्याच्या १९८० च्या निकालाप्रमाणे फाशी देताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार केला पाहिजे, त्याची परिस्थिती पाहिली पाहिजे. रावजीच्या निकालात फक्त गुन्हा पाहिला गेला. आणि जालन्याच्या सहा जणांना फाशी देताना याच रावजी निकालाचा आधार घेतलेला होता. खुद्द रावजी मात्र १९९६ मध्येच फासावर गेला होता. त्याच्या बाबतीत चूक दुरुस्त करायला काही शिल्लक नव्हते.

२०१२ साली १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्र लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या १३ कैद्यांची शिक्षा कमी करावी अशी विनंती केली. त्या १३ जणांत जालन्याच्या खटल्यातले कैदी होते. पत्रावर सही करणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते आणि न्यायमूर्ती ए. पी. शहाही होते. शहा हे आपल्या सोलापूरचे, वकिलीची सुरुवात त्यांनी इथल्या जिल्हा न्यायालयातच केली. सोलापूरकरांनी ही गोष्ट अभिमानाने सांगायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. २ सप्टेंबर २०१४ रोजी मोहम्मद आरिफ खटल्यात घटनापीठाने ठरवले की फाशीच्या प्रकरणातील फेरविचार बंद खोलीत नव्हे, खुल्या न्यायालयात, तीन न्यायाधीशांपुढे आणि वकिलाचे म्हणणे ऐकून झाला पाहिजे. माणसाचा जीव घेण्यापूर्वी त्याच्या वकिलाला शेवटचे बोलू द्या, एवढेच त्याचे सार. तेही मिळायला प्रजासत्ताकाला चौसष्ट वर्षे लागली. या निर्णयामुळे जालन्याचे प्रकरण पुन्हा उघडले गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने आपला २००९ चा निकाल मागे घेतला, अपिले पुन्हा जिवंत केली. न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शहा यांच्यापुढे सगळा पुरावा नव्याने वाचला गेला.

आणि कागद वाचता वाचता चार फोटो बाहेर आले.

त्या रात्री वाचलेल्या आईला घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, पोलिसांच्या ताब्यातला गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवण्यात आला होता. तिने त्यातले चार जण ओळखले. हेच ते, असे तिने सांगितले आणि तसा तिचा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवला गेला. ते चौघे म्हणजे हे सहा आरोपी नव्हेत. वेगळीच माणसे. पण त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांच्याविरुद्ध खटला झाला नाही, त्यांना का वगळले याचे स्पष्टीकरणही सरकार पक्षाने दिले नाही. पुढे तीच बाई न्यायालयात उभी राहिली तेव्हा पिंजऱ्यातल्या वेगळ्या माणसांकडे बोट दाखवले गेले. तिच्या आणि तिच्या मुलाच्या या ओळखीवर फाशीची इमारत उभी राहिली. पहिला जबाब रेकॉर्डवर होता. जालना, औरंगाबाद, दिल्ली असा फाशीचा प्रवास चालू असताना तो कागद त्या गठ्ठ्यातच बसून होता आणि कुणाच्याच वाटेत आडवा आला नाही.

त्या बाईला दोष देणे हे पाप होईल. डोळ्यांदेखत घर संपलेली, शरीर-मन छिन्न झालेली आई. तिने दोन दिवसांत जे सांगायचे ते सांगितले होते. ऐकणाऱ्यांनी ते बाजूला ठेवले. ते चौघेच खरे गुन्हेगार होते असेही मी म्हणत नाही, न्यायालयानेही त्यांना दोषी ठरवले नाही. त्यांचा पुढील तपास करा, असा आदेश दिला. फोटोवरून माणूस गुन्हेगार ठरवणे ही तर आपल्याच लोकांनी भोगलेली रीत आहे. प्रश्न एवढाच की, साक्षीदाराने ओळखलेली माणसे सोडून पोलिसांचा हात भटक्यांच्या पालाकडेच कसा गेला?

उत्तर सेटलमेंटच्या कुंपणात आहे. गावाबाहेर उतरलेले पाल, त्यातली अनोळखी माणसे, ना जमीन ना रेशनकार्ड, ना जामीन राहणारा ना ओळखीचा आमदार. महाराष्ट्राच्या यादीत १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती आहेत. कागदावर त्या वेगवेगळ्या आहेत. ठाण्यातल्या हवालदाराला तो फरक विचारा, तो हसेल. न्यायालयानेही आपल्या निकालात हे आरोपी भटक्या जमातीचे, अतिशय गरीब मजूर असल्याची नोंद घेतली आणि त्यांना खोटे गुंतवले गेल्याचे म्हटले. तपासात दोषी असलेल्या पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करावी असे गृह खात्याच्या वरिष्ठांना बजावले. त्या अल्पवयीन पोराबद्दल निकालात जे लिहिले आहे ते वाचवत नाही. वर्षानुवर्षे एकांतकोठडी, माणसांचा संपर्क नावापुरता, भेटायला फक्त आई, तीही क्वचित, आणि सतत फाशीची भीती. त्याच्या मनाचा तोल ढळला.

प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सुमारे सोळा वर्षांचे दिवस मोजले तर ५,८०० च्या आसपास भरतात. दिवसाला पंच्याऐंशी-शहाऐंशी रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवरच्या मजुराची दिवसाची मजुरीही दोनशेच्या वर होती. फाशीच्या कोठडीतल्या दिवसाचा भाव खडी फोडण्याच्या दिवसापेक्षा निम्माही नाही!

आता तो अवघड प्रश्न.

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत सुरेखा भोतमांगे आणि प्रियंका, रोशन, सुधीर या तिच्या लेकरांची हत्या झाली तेव्हा महाराष्ट्रातला प्रत्येक भीमसैनिक रस्त्यावर होता. 'फाशी द्या' ही घोषणा प्रस्तुत लेखकानेही घसा बसेपर्यंत दिली आहे. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरून सहांना फाशी सुनावली तेव्हा आपण पेढे वाटले. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने ती फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली तेव्हा आपण फसवले गेलो असे वाटले. आजही त्या निकालाचा संताप कमी झालेला नाही आणि होऊही नये. कारण तिथले खरे दुःख फाशी गेली हे नव्हतेच. खैरलांजीत जात नव्हती, सूड होता, असे म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायदा बाहेर ठेवला गेला, हे दुःख होते. आपण मात्र घोषणा फाशीची दिली आणि लढाई फाशीवर नेली. जातीचा मुद्दा मागच्या बाकावर गेला. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले. जातीचा उल्लेख असलेला न्याय त्यांनी पाहिला नाही.

खैरलांजी आणि भोकरदन शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी संपूर्ण गावाला ठाऊक असलेली जात न्यायालयाच्या कागदावर येऊ शकली नाही. दुसऱ्या ठिकाणी जातीखेरीज फारसे काही नसताना सहा माणसे फासापर्यंत पोहोचली. ही दोन टोके नव्हेत. दोन्हीकडे न्यायाधीशापुढे जो कागद जातो तो पोलीस ठाण्यात तयार होतो. अपिलाचे न्यायालय घटनास्थळी जात नाही, साक्षीदाराचा चेहरा पाहत नाही. ते कागद वाचते. ठाण्यात जे लिहिले नाही ते दिल्लीत उगवत नाही, आणि ठाण्यात जे दडपले ते शोधायला सोळा वर्षे बसणारा वकील गरिबाला क्वचित मिळतो.

राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दिल्ली यांनी २०१६ साली फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ७६ टक्के कैदी मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्य आढळले. फाशीची दोरी वर्णव्यवस्थेच्या पायऱ्या उलट्या क्रमाने उतरते. पाटलाच्या वाड्यापर्यंत ती पोहोचता पोहोचता झिजते. आपण मोर्चात ती दोरी घट्ट वळायला सांगतो तेव्हा ती आधी कोणाच्या गळ्यात पडणार आहे याचा हिशेब करतो का? काही कार्यकर्त्यांना हे बोलणे रुचणार नाही. पण बाबासाहेबांनी याबाबत काय म्हटले होते ते आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले आहे.

३ जून १९४९ रोजी घटना समितीत नेमका हाच विषय होता: फौजदारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावे की नसावे. निदान फाशी झालेल्याला तरी अपिलाचा हक्क द्या, असा अनेक सभासदांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी त्यावर सांगितले की असे अपील ठेवण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन. हा देश अहिंसेचे तत्त्व नीतीचा दंडक म्हणून मानत आला आहे, लोक ते प्रत्यक्षात पाळत नसले तरी. त्या तत्त्वाशी प्रामाणिक राहायचे तर फाशी मुळातूनच काढून टाकणे योग्य, असे त्यांचे म्हणणे होते. हे बोलताना ते मसुदा समितीचे अध्यक्ष होते आणि देशाचे कायदामंत्रीही होते. अंती मर्यादित अपिलाची तरतूद झाली, फाशी राहिली. भटक्या आणि 'गुन्हेगार' ठरवलेल्या समाजांचे जगणे त्यांनी जवळून पाहिले होते. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीबाबत नेमलेल्या स्टार्टे समितीचे ते सभासद होते, आणि तिचे अध्यक्ष स्टार्टे हे गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंट खात्याचे अधिकारी राहिलेले होते.

अत्याचार करणाऱ्याला मोकळे सोडा असे याचा अर्थ कोणी लावू नये. गुन्ह्याची नोंद वेळेवर, अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे पहिल्याच फिर्यादीत, साक्षीदारांना संरक्षण, सरकारी वकील आपल्या विश्वासाचा, आणि शिक्षा झाली तर ती पूर्ण भोगायला लावणारी, या मागण्या फाशीच्या घोषणेइतक्या गाजत नाहीत. त्या रटाळ आहेत. त्यासाठी मोर्चानंतर दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

सोलापूर जिल्ह्यातील आपल्या तरुण वकिलांना मात्र एक काम ताबडतोब करता येईल. २० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी जे नियम घालून दिले त्यात पोलिसांनी ज्यांवर भिस्त ठेवलेली नाही अशा जबाबांची, कागदांची आणि वस्तूंचीही यादी आरोपीला द्यावी असे म्हटले आहे. मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात ते पुन्हा बजावले गेले. ही यादी आपोआप हातात पडत नाही, अर्ज करून मागावी लागते. सेटलमेंटमधला, मंगळवेढ्याच्या पालावरचा, मोहोळ-माळशिरसच्या माळावरचा कोणी पोरगा उचलला गेला तर दोषारोपपत्राच्या नकलेवर समाधान मानू नका. ती दुसरी यादी मागा आणि पहिल्या दोन-तीन दिवसांचे जबाब कोणाचे, कोणासमोर झाले ते तारखेनिशी तपासा. जालन्याच्या खटल्यात तो कागद गुन्ह्याच्या तिसऱ्याच दिवशी तयार झाला होता.